आत्याच्या लाइनीवर

१

सर्व्हर आजारी पडला की ऑफिसात एकाच नावाने हाका सुरू व्हायच्या, आणि ते नाव काही त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. त्याला सगळे प्लंबर म्हणत. कुठे तुंबलं की मोकळं करून देतो, म्हणून प्लंबर. सुरुवातीला त्याला राग यायचा. पुढे पुढे फोनवरसुद्धा तो स्वतःच ‘हां, प्लंबर बोलतोय’ म्हणायला लागला.

कंपनीचं काम तसं सरळ होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी एक पांढरा डबा बसवायचा. डब्यावर मोठं बटण. बटण दाबलं की डबा खोलीतला आवाज थोडा वेळ टिपून पाठवून द्यायचा, आणि तो मेसेज सर्व्हरवर त्या घराच्या लाइनीत येऊन उभा राहायचा. जिला पुस्तकात क्यू म्हणतात, तिला ऑफिसात लाइन म्हणत. काचेपलीकडच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेल्या बायका एकेक मेसेज उचलायच्या, शेवटपर्यंत ऐकायच्या, मदत लागणार असेल तर धाडायच्या आणि मग पोच द्यायच्या. शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय पोच द्यायची नाही, हा तिथला नियम. पोच दिली की इकडे सर्व्हर तो मेसेज विसरून जायचा आणि तिकडे डबा बोलायचा, ‘ऐकलं. आलोच.’

तो आवाज प्लंबरचा होता. कंपनी दोन खोल्यांत होती तेव्हा बाहेर रस्ता खणत होते, म्हणून त्याने टेबलाखाली डोकं घालून एवढे दोन शब्द रेकॉर्ड केले होते. आवाज देणारा कुणी भाड्याने आणायची ऐपत नव्हती. आता कंपनी मोठी झाली, पण आवाज कुणी बदलला नाही. गावोगावच्या खोल्यांमधून तो दिवसभर ‘आलोच’ म्हणत असायचा, आणि त्याच्या स्वतःच्या घरी मात्र संध्याकाळी फ्रिज तेवढा बोलायचा.

२

त्या दिवशी तो जेवणाचा डबा उघडून बसणार, तोच काचेवर टकटक झाली. ऐकण्याच्या खोलीची मुख्य, जिला सगळे ताई म्हणत, ती दारात उभी होती.

“प्लंबर, आमच्याकडे सगळं गप्प आहे.”

“मग चांगलंच आहे की. आज सगळे ठणठणीत.”

“थट्टा नको. सकाळपासून एक हाक नाही. एकसुद्धा नाही. असं कधी झालंय?”

झालं नव्हतं. इतक्या म्हाताऱ्यांपैकी कुणाचं तरी काहीतरी निघायचंच. कुणाला खरोखर चक्कर यायची, कुणी बटणावर टेकून चष्मा पुसायचं. त्याने जेवण बाजूला सारलं आणि सर्व्हरचा आलेख उघडला. मेमरीची रेघ मर्यादेला जाऊन टेकली होती. मर्यादा ओलांडली की सर्व्हर आपला जीव वाचवायला दार लावून घेतो आणि नवीन मेसेज घेतच नाही. म्हणजे घरोघरी लोक बटणं दाबत असणार आणि त्यांच्या हाका दाराबाहेर अडकून पडलेल्या असणार.

त्याने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. रेघ धपकन खाली आली, ताईने सुस्कारा सोडला, आणि तो सुस्कारा पुरा व्हायच्या आत रेघ पुन्हा चढायला लागली. ह्यात भुताटकी काही नव्हती. सर्व्हर प्रत्येक मेसेजची प्रत डिस्कवर ठेवतो आणि जागा झाला की सगळा संसार परत अंगावर घेतो. म्हणजे कुठली तरी एकच लाइन फुगली होती. ती शोधायला वेळ लागला नाही.

ती आत्याची लाइन होती.

३

आत्या म्हणजे त्याचं एकमेव माणूस. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं, आणि नोकरी लागल्यावर ‘जा बाबा, माझं काय अडलंय’ म्हणून ह्या शहरात पिटाळलं. ती बसने दोन तासांवर राहायची. तिच्या घरी डबा त्याने स्वतः बसवला होता. ताईला सांगितलं होतं, “आत्याचं मी बघतो.” म्हणून तिची लाइन ऐकण्याच्या खोलीत जातच नव्हती. ती थेट त्याच्या टेबलावर यायची, आणि पोच तो स्वतः द्यायचा.

आणि मग मध्यंतरी त्याचा संगणक बदलला.

नव्या संगणकावर सगळं काही पुन्हा बसवलं गेलं, आत्याची लाइन जोडणं एवढं एक सोडून. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. रविवारी तो फोन करायचा, ती ‘बरी आहे’ म्हणायची, तो ‘येतो लवकरच’ म्हणायचा आणि दोघं फोन ठेवायचे. कानशिलं तापल्यासारखी झाली त्याची. महिनोन् महिने ती बटण दाबत होती आणि पलीकडे कुणी नव्हतं.

पण आकडे तसं म्हणत नव्हते. ऐकणारा कुणी नसेल तर मेसेज लाइनीत नुसते उभे राहतात. हे उभे नव्हते. हे कुणीतरी उचलले होते. हजारो मेसेज, सगळेच्या सगळे उचललेले, आणि एकाचीही पोच दिलेली नव्हती. ऐकण्याच्या खोलीतली बाई एका वेळी मोजकेच मेसेज उचलू शकते, तशी मर्यादाच घातलेली असते. ह्या ऐकणाऱ्याला मर्यादा नव्हती. तो येईल तो मेसेज घेत होता आणि पोच न देता धरून बसला होता. म्हणून तर मेमरी भरली होती.

ऐकणाऱ्याचं नाव समोर लिहिलेलं होतं. ते त्याच्या जुन्या संगणकाचं नाव होतं.

“चला, सापडलं,” तो मोठ्याने म्हणाला. जुना संगणक कुणीतरी कुठेतरी लावून ठेवला असणार. असले घोळ होतात. तो अडगळीच्या खोलीकडे निघाला तेव्हा त्याचं मन निम्मं हलकं झालं होतं.

अडगळीच्या खोलीत खिडकी नव्हती. दिवा लागायला जरा वेळ घ्यायचा आणि लागल्यावरही घुंई घुंई करत राहायचा. मोडक्या खुर्च्यांच्या मागे, जुन्या पडद्यांच्या गठ्ठ्याखाली त्याचा संगणक सापडला. त्याला वायर नव्हती. मागची झाकणी उघडी होती आणि आतली डिस्क नियमाप्रमाणे काढून घेतलेली होती. त्याने तरी हात लावून पाहिला. लोखंड गार होतं. त्याला बरं वाटलं, आणि दार ओढून घेताना उमगलं की बरं वाटण्याजोगं ह्यात काहीच नाही.

४

परत येऊन त्याने त्या ऐकणाऱ्याचं कनेक्शन तोडलं. आलेख हलायच्या आत तो पुन्हा जोडला गेला. पुन्हा तोडलं. पुन्हा जोडला गेला, त्याच नावाने. तिसऱ्यांदा तोडायचं त्याच्या जिवावर आलं. दार लावून घ्यावं आणि कुणीतरी शांतपणे ते परत लोटावं, तसं होत होतं.

मग त्याने हेडफोन चढवला आणि डिस्कवरच्या प्रती ऐकायला घेतल्या. तांत्रिक कारण काहीच नव्हतं. आत्याचा आवाज होता, एवढंच.

सगळ्यात जुना मेसेज. “गुंड्या, सकाळची हाक. उठलेय मी. गुडघा बरा आहे.” गुंड्या म्हणजे तो. जगात आता ह्या नावाने हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पुढचा. “डबा काही बोलला नाही रे काल. ऐकतोयस ना?”

आणखी पुढचा. “रागावलास की काय? बरं, नको बोलूस. मी आपली सांगते. वरच्या मजल्यावरचे लोक गेले सोडून. आता अख्ख्या जिन्याला मी एकटीच.”

असे कितीतरी. कधी नुसता घड्याळाचा आवाज आणि तिचा श्वास. कधी ती काहीच न बोलता बटण दाबून वाट पाहत बसलेली. त्याला ऐकवेना, आणि थांबवेनाही. डोळे भरून आले तशी त्याने ते बाहीला पुसले. त्याला शर्टाची उजवी बाही तेवढी दुमडायची सवय होती, ती त्याने सरळ केली आणि पुन्हा दुमडली.

मग एक मेसेज आला त्यात घड्याळ होतं, नळाची ठिबकठिबक होती, आणि मध्येच त्याचा स्वतःचा आवाज होता. “ऐकलं. आलोच.”

“आला बाई एकदाचा,” आत्या म्हणाली आणि खुदकन हसली.

त्याने मेसेज थांबवला. विचार केला. कुणीतरी पोच दिली असेल, म्हणून डबा बोलला असेल. पण पोच दिलेला मेसेज सर्व्हर विसरतो, हा तर इथे होता. आणि दुसरं असं, की डबा आधी आवाज टिपतो, मग पाठवतो, मग कुणी ऐकतं, मग पोच जाते. उत्तर त्याच मेसेजात येईलच कसं? त्याने कागदावर बाण काढून पाहिले. बाण सगळे बरोबर होते आणि उत्तर तरीही तिथे होतं.

तो पुढे गेला. “ऐकलं. आलोच.” पुढच्यात पुन्हा. आणि पुन्हा. मग त्याच्या ध्यानात आलं की आवाज दरवेळी त्याच जागेवरून येत नाहीये. आधी तो डब्यापाशी होता. मग बाहेरच्या खोलीच्या दारापाशी. नंतर जिन्यात घुमल्यासारखा. साखळी काढल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं.

“ये,” ती शेवटी म्हणाली.

त्यानंतरच्या मेसेजांमध्ये ती बटण दाबून बोलायची थांबली होती. दोन खुर्च्या सरकल्याचे आवाज. चमचा ताटाला लागल्याचा. आणि एकदा, अगदी सहज, त्याच्याच आवाजात, “दार लोटून घे ना आत्या, वारा येतोय.”

त्याने हे कधीही रेकॉर्ड केलं नव्हतं.

शेवटचे हजारो मेसेज नुसते शांत होते. तो आवाज वाढवत गेला. डब्याच्या अगदी जवळ कुणीतरी होतं, श्वास न घेता, कान देऊन बसलेलं. बटण आत्या दाबत नव्हती.

५

“मिळालं का काही?” ताई मागे येऊन उभी होती. त्याने दचकून हेडफोन काढला.

“आत्याची लाइन आहे.”

“मग बोल तिच्याशी. आणि ती लाइन उडव आधी. माझी बाकीची म्हातारी माणसं वाऱ्यावर आहेत, प्लंबर.”

तिचं बरोबर होतं. त्याने आत्याला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला.

“कोण?”

“आत्या, मी.”

ती हलक्या आवाजात म्हणाली, “कुठून बोलतोयस?”

“ऑफिसातून.”

“खरंच?”

“खरंच म्हणजे? आत्या, घरी कुणी आलंय का?”

“नंतर कर फोन,” ती म्हणाली. “आत्ता नको. लक्ष जातं त्याचं.” आणि फोन ठेवला.

ताई त्याच्या तोंडाकडे पाहत होती. “बरी आहे ना?”

“बरी आहे,” तो म्हणाला, कारण दुसरं काय सांगणार. लाइन उडवली तर आत्याचा डबा मुका होणार होता. त्यानंतर तिने कितीही बटण दाबलं तरी ते कुठेच पोचणार नव्हतं. नाही उडवली तर बाकीच्या घरांत कोण कुठे पडलंय, हे कुणालाच कळणार नव्हतं. असल्या वेळी माणूस फार विचार करत नाही. त्याने लाइन निवडली, सर्व्हरने ‘नक्की?’ म्हणून विचारलं, आणि त्याने हो म्हटलं.

रेघ खाली आली. दाराबाहेर अडकलेल्या हाका एकदम आत घुसल्या आणि काचेपलीकडे टेबलांवरच्या हाकेच्या दिव्यांनी एकच गर्दी केली. ताई धावली. एक आजोबा बाथरूममध्ये पडले होते, त्यांच्याकडे माणूस पोचला आणि आजोबा उलट त्यालाच उशीर झाला म्हणून झापत होते, असं तिने मागाहून दारातून डोकावून सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला होता. तिने त्याला अंगठा दाखवला.

तो तोवर चपला घालून उभा होता. ऐकणाऱ्यांच्या यादीत ते नाव अजून होतं. लाइन गेली होती, पण तो गेला नव्हता. त्याच्यापुढे आता काहीच नव्हतं आणि तरी तो जोडलेला होता.

“मी आत्याकडे जाऊन येतो,” तो म्हणाला. महिनोन् महिने जे जमत नव्हतं, ते एवढं सोपं होतं.

६

बसमध्ये त्याने स्वतःची समजूत घालायचा नाना परीने प्रयत्न केला. एकटी राहून माणसाला भास होतात. पण भास रेकॉर्ड होत नाहीत. बरं, कुणी भामटा असेल, त्याचा आवाज काढून म्हाताऱ्या बाईला लुबाडणारा. हे त्याला पटलं, कारण भामट्याला पोलीस धरू शकतात. उतरेपर्यंत तो त्या भामट्यावर चांगलाच संतापला होता.

उन्हं कलली होती. इमारतीच्या जिन्यात त्याचीच पावलं वाजत होती. वरखाली सगळ्या दारांना कुलपं. आत्याच्या दारातून काहीतरी शिजत असल्याचा वास येत होता, आणि इतक्या दिवसांनी त्याला कडकडून भूक लागली.

त्याने बेल वाजवली नाही. दारावर बोटाने हळूच टिचकी मारली, लहानपणी उशिरा यायचा तेव्हा मारायचा तशी. दार साखळीइतकं उघडलं. आत्या केवढीशी झाली होती.

“तू का आलास रे?” ती कुजबुजली. तिचे डोळे एकदम भरून आले. “आत्ता का आलास?”

“आत कोण आहे, आत्या?”

“हळू.”

तिच्या खांद्यावरून आतल्या खोलीचा तुकडा दिसत होता. टेबल. दोन ताटं. खुर्चीत पाठमोरं कुणीतरी बसलेलं. उजव्या हाताची बाही तेवढी दुमडलेली. ते जेवत नव्हतं. मान एका बाजूला कलती ठेवून, कानाला काहीतरी लावल्यासारखं, अगदी स्थिर बसलं होतं. तो श्वास रोखून पाहत असताना ती मान आणखी थोडी दाराच्या बाजूला कलली.

भामट्याची कल्पना त्याच्या डोक्यातून निघून गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही.

“आत्या, साखळी काढ. चल माझ्याबरोबर. आहे तशी चल.”

तिने मान हलवली. “मी काय वेडी आहे? तुझं पाऊल मला ओळखू येणार नाही होय? दार उघडलं तेव्हाच कळलं, तो तू नाहीस.”

“मग घरात कशाला घेतलंस?”

“आलोच म्हणाला, आणि आला,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच त्याला लागलं. “मी बोलते ते सगळं ऐकतो रे. शेवटपर्यंत ऐकतो. मधूनच फोन ठेवत नाही. फक्त आता माझं सांगण्यासारखं संपलं. सगळं सांगून झालं त्याला. दोन दिवस नुसता बसून आहे, वाट बघत. रात्री बटणापाशी जाऊन बसतो. मला भीती वाटते गुंड्या.”

त्याच्याने राहवलं नाही. त्याने फटीतून हात आत घातला आणि तिचा हात धरला. तो थंडगार होता आणि हाडं हाताला लागत होती. तिने दुसऱ्या हाताने त्याचा गाल चाचपला.

“किती वाळलास,” ती म्हणाली. “जेवतोस की नाही वेळेवर? कुणाशी बोलतोस तरी का दिवसभरात?”

“बोलतो की.”

“खोटं नको बोलूस. संध्याकाळी घरी कुणी असतं का तुझ्या?”

ती लहानपणापासून असंच विचारायची, आणि तिच्यापुढे त्याला थाप मारता येत नसे.

“नाही आत्या,” तो म्हणाला. “कुणीच नसतं.”

आत खुर्ची मागे सरकली.

आत्याने डोळे मिटून घेतले. क्षणभर तिने त्याचा हात घट्ट दाबला, मग तो हळूच फटीबाहेर ढकलला आणि साखळी काढायला घेतली.

“बाजूला हो जरा,” ती म्हणाली. “तुझं ऐकलं त्याने, आता तुझ्याकडे निघालाय. त्याला जिना उतरू दे.”